सड्यावर तंबू, सोबत वन्सं

मला वाळवंट बघायचं होतं. वाळूचं आणि उंटांचं नव्हे. गणपती आटोपल्यानंतर मला एका जोडप्याच्या व्हिडिओंचं वेड लागलं होतं. दूरदेशीचा कुठलासा उंच, कोरडा मुलुख, थिजलेल्या लाव्ह्याचा काळा-तांबडा खडक, त्यावर पिवळं गवत आणि नजर पोचेल तिथपर्यंत चिटपाखरू नाही. हे दोघं मनाला येईल तिथे गाडी थांबवायचे, तंबू लावायचे आणि चहा करून प्यायचे. मी कुडाळला पलंगावर पाय घेऊन ते हावरटासारखी बघत बसायचे.

एका दुपारी वन्संनी माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

“काय गो बघतंस ह्या?”

“लाव्ह्याचं पठार आहे, वन्सं. तंबू टाकून राहतात तिथे.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. “आणि ह्या बघूक तू इमानात बसतलंस? अगो, देवगडचो सडो काय वायट आसा? थय तिकीट पण लागना नाय.”

वन्सं म्हणजे सुलभा, माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. पंचायत समितीच्या नोकरीतून निवृत्त झाल्या, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. मी माहेरची कोल्हापूरची. मालवणी मला सगळं समजतं, पण बोलायला तोंड उघडलं की वन्सं पोट धरून हसतात, म्हणून मी आपली माझ्याच भाषेत बोलते.

त्या बोलल्या ते मी आधी हसण्यावारी नेलं. मग शोधलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. सिंधुदुर्गातले सडे म्हणजे समुद्राकाठचे उंच, सपाट माथे. त्यांचा जांभा दगड हा मूळचा लाव्हाच, सह्याद्री ज्यातून झाला तोच. पावसाने युगानुयुगं कुजवून, झिजवून त्याचा हा तांबडा, भोकाभोकांचा खडक केला. डिसेंबरात त्यावर पाण्याचा थेंब नसतो, गुडघाभर पिवळं गवत असतं आणि माणूस औषधालाही सापडत नाही. मला हवं होतं ते सगळं घरापासून दोन तासांवर होतं.

बेत ठरला. देवगडपासून रेडीपर्यंत, सड्यासड्याने, तंबू टाकत. नवऱ्याला, सुधीरला, दुकान सोडून येता येईना. “तुम्ही दोघी जा,” तो म्हणाला. “नणंद-भावजय एका तंबूत. आधी तंबू फाटतो की तुम्ही फाटता, ते फक्त कळव.”

वन्संनी एकच अट घातली. देवगडहून मालवणकडे येताना त्यांच्या सासरच्या गावातून गाडी न्यायची नाही.

हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. प्रकाशभावजी, म्हणजे वन्संचे यजमान, आठेक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका हॉस्पिटलात गेले. शेवटचे दोन महिने वन्संनी त्यांना तिथेच ठेवलं, गावी आणलं नाही, अग्नीही मुंबईतच दिला. गावच्या घरी त्यांची थोरली जाऊ होती, इंदूवयनी. ती लग्न होऊन आली तेव्हा प्रकाशभावजी शेंबडं पोर होते, आई नसलेलं. तिनेच त्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं. वन्सं तेराव्याला गावी गेल्या तेव्हा ती चारचौघांत त्यांना म्हणाली, “माझ्या पोराक तू माका शेवटचा बघूक पण दिलंस नाय.” वन्सं काही बोलल्या नाहीत. फक्त निघताना म्हणाल्या, या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही. आणि खरंच चढल्या नाहीत.

इंदूवयनी आता पंच्याहत्तरी ओलांडून गेली आहे, एका डोळ्याने तर दिसतच नाही. सुधीरला रात्रंदिवस एकच लागून राहिलं होतं की या दोघींचं बोलणं व्हायच्या आत काही बरंवाईट होऊ नये. पण बहिणीसमोर विषय काढायची त्याची छाती नव्हती. माझीही नव्हती. मी अट मान्य केली आणि नकाशात आतला रस्ता शोधून ठेवला. गावाचं नाव इथे लिहीत नाही, तसं वन्संना कबूल केलंय.

पहिला दिवस. सकाळी लवकर निघालो. आमची जुनी सात आसनी व्हॅन, मागची दोन बाकडी काढलेली. सामानात चौघांचा तंबू, दोन गाद्या, गॅसची लहान शेगडी, पाण्याचे चार मोठे कॅन आणि वन्संच्या हट्टापायी उकडे तांदूळ, सुका जवळा, कोकमं, नारळ आणि खोवणी. हो, विळीसारखी, पाटावर बसून नारळ खवायची खोवणी. “कॅम्पिंगाक नारळ काय दातानी खोवतलंस?” असं विचारल्यावर मी ती उचलून गाडीत ठेवली.

कणकवलीपर्यंत महामार्ग लोण्यासारखा आहे. नांदगावच्या तिठ्यावर देवगडकडे वळलात की रस्ता अरुंद होतो, पण गाडी बिनघोर जाते. तिठ्यावर घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन घ्या, दोघांचं पोट शंभराच्या आसपास भरतं. जामसंड्याच्या पुढे दोन्ही बाजूंना हापूसच्या बागा लागल्या. मोहोर नुकता धरत होता आणि उघड्या खिडकीतून त्याचा गोडसर, किंचित उग्र वास येत होता. अख्खी बाग जांभ्यावर उभी आहे. सुरुंग लावून खडकात खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि तिथे कलम लावायचं. या माणसांनी दगडातून आंबा काढलाय, तेव्हा पेटीचा भाव ऐकून नाक मुरडताना थोडा विचार करावा.

मुक्काम ओळखीच्या एका बागेच्या वर, उघड्या सड्यावर. इथे पहिला धडा. मी झोकात तंबूची खुंटी काढली, हातोडी घेतली, तीन घाव घातले. खुंटी वाकडी झाली. दुसरी वाकडी झाली. तिसरी उडून गवतात गेली. वन्सं गाडीच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या.

“खुंटो खंय मारतंस? कातळ आसा तो, शेत नाय.”

“मग काय करू?”

“चिरे हाड. दोरयेक चिरो बांध आणि रव गप.”

बांधाला लागून जुने चिरे, म्हणजे जांभ्याचे घडीव दगड, पडले होते. चारी कोपऱ्यांना चार चिरे बांधले आणि संध्याकाळचा समुद्रावरचा वारा सुटला तरी तंबू हलला नाही. सड्यावर जाणाऱ्यांनो, खुंट्या घरी ठेवा, दोरी जास्त न्या. चिरा उचलण्याआधी काठीने उलटा करा, खाली विंचू असतो आणि कधी फुरसंही. बूट सकाळी झटकूनच घाला. चूल पेटवायचा मोह आवरा. एक ठिणगी उडाली तर गवताचा वणवा बागेत शिरतो आणि कुणाची वर्षाची कमाई जाते. आणि बायका मला खासगीत विचारणारच आहेत म्हणून सांगते, बागेच्या मालकाला आधी फोन केला तर मांगराजवळचं, म्हणजे बागेतल्या खोपीजवळचं, न्हाणीघर हक्काने वापरायला मिळतं.

सूर्य समुद्रात उतरला तसा सडा आधी सोन्याचा, मग तांब्याचा झाला. लांबवर पवनचक्क्या संथ फिरत होत्या. वन्संनी भात आणि जवळ्याची चटणी केली, सोलकढी केली. मी त्या व्हिडिओतल्या जोडप्याची आठवण काढली आणि मला त्यांची कीव आली. बिचारे डब्यातलं सूप पितात.

दुसऱ्या दिवशी कुणकेश्वरला दर्शन घेतलं आणि आतल्या बाजूला एका सड्यावर कातळशिल्पं बघायला गेलो. त्यासाठी सकाळी जावं किंवा उन्हं कलल्यावर, भर दुपारी नुसता खडक दिसतो. तिरप्या उन्हात रेषा उठतात. मासा दिसला, हात पसरलेली बाईमाणसासारखी आकृती दिसली, चौकोनात गुंतलेल्या वेटोळ्यांची नक्षी दिसली. कोणी खोदलं, कशासाठी, कुणालाच ठाऊक नाही. इतक्या उघड्या, सावलीसुद्धा नसलेल्या जागी कुणीतरी दिवसचे दिवस उकिडवं बसून दगड टोचत होतं.  वन्संनी चपला काढल्या आणि त्या आकृतीला हात न लावता नमस्कार केला.

त्या रात्री तंबूत पडल्या पडल्या त्या आपणहून म्हणाल्या, “लगीन झाला त्या वर्सा आमी असोच सडो चलान येव. एसटी खाली सोडी. हे पुढे, मी मागे. सारखे मागे बघत, इली काय नाय म्हणान.” मग कूस बदलली. 

तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे आतला रस्ता धरला. गाव डावीकडे दोन-तीन किलोमीटरवर सुटणार होतं. वन्सं खिडकीबाहेर बघत नव्हत्या, मांडीवरच्या पिशवीचे बंद सोडत-बांधत होत्या. सड्याच्या उताराला एक वळण घेतलं आणि मी करकचून ब्रेक मारला. रस्त्यात म्हशी होत्या. म्हशींमागे एक कुत्रा, कुत्र्यामागे डोक्यावर घमेलं घेतलेली बाई. आणि खाली, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठापासून सड्याच्या कडेपर्यंत, झोपड्याच झोपड्या. माडाच्या विणलेल्या झापांच्या, ताडपत्रीच्या, जुन्या साड्यांच्या. गाई बांधलेल्या, कोंबड्या डालग्यांखाली, पोरं झाडांवर, धूर, रेडिओ आणि बांगडा तळल्याचा वास.

“गावपळण,” वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मालवण तालुक्यातल्या काही गावांत ही रीत आहे. दर काही वर्षांनी ग्रामदेवतेला कौल लावतात, देवाने हो म्हटलं की अख्खं गाव घरांना कुलपं घालून वेशीबाहेर निघतं. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळे. मागे गावात एकही जीव ठेवायचा नाही. तीन रात्री उघड्यावर काढायच्या. मग मानकरी पुन्हा कौल लावतात, देवाने बोलावलं तरच परत जायचं. का, तर कुणी म्हणतं ते तीन दिवस गाव देवाचं आणि गावराखणदाराचं, कुणी म्हणतं जुन्या काळच्या साथींवरचा तो उपाय. मला विचाराल तर वर्षानुवर्षं माणसांचा भार सोसणाऱ्या जागेला जरा श्वास घेऊ द्यायचा, एवढं कारण पुरेसं आहे.

तर आम्ही गाव टाळायला आडरस्त्याने आलो होतो, आणि अख्खं गाव उठून त्याच आडरस्त्यावर येऊन बसलं होतं. मला हसू यावं की घाम फुटावा कळेना. गाडी वळवायला जागा नव्हती, मागे टेम्पो येऊन थांबला होता.

“काकी!” चाळिशीतला एक उघडाबंब माणूस म्हशीला चापट मारून पुढे आला. इंदूवयनीचा मुलगा, महेश. लग्नाकार्यात मी त्याला भेटले होते. “काकी, तू हय खंय? वाट चुकलंस?”

“चुकलंय,” वन्सं समोर बघत म्हणाल्या.

“आई त्या फणसाखाली आसा. येतंस मा?”

“मी त्या घराक येवचंय नाय. तुका ठावक आसा.”

महेशने डोकं खाजवलं. मग अगदी साधेपणाने म्हणाला, “पण काकी, घर हय खंय आसा? घराक कुलूप. आमचो सगळो बिऱ्हाडबाजार त्या झापाखाली. पायरी बघूक गेलंस तरी गावाची नाय.”

वन्संनी पिशवीचे बंद पुन्हा आवळले. त्यांच्या शब्दाला त्या इमानाने जागल्या होत्या, आणि त्या शब्दात झोपडी कुठेच बसत नव्हती. तरी त्या उतरल्या नाहीत. मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. पाचेक मिनिटं आम्ही दोघी काचेतून एका बकरीकडे बघत होतो.

मग इंदूवयनी आली. काठी टेकत, पाय फेंगडे टाकत, एका हातात माडाचं हिरवं चुडत, अख्खी झावळी, ओढत. गाडीशी थांबली, मान तिरकी करून चांगल्या डोळ्याने आत पाहिलं. 

“इलंस?” ती म्हणाली. “बरा झाला. रात्री दव गळता नुसता वरसून, एक झाप आणखी व्हया. ह्या चुडत धर तकडसून, माज्या हातात आता जोर नाय.”

एवढंच. ना रडणं, ना जुनं उकरणं. कामच सांगितलं. वन्संनी दार उघडलं, उतरल्या, चुडताचं दुसरं टोक धरलं. दोघी फणसाकडे चालू लागल्या. थोड्या वेळाने मी गेले तर दोघी जमिनीवर समोरासमोर बसून झाप विणत होत्या, पात दोन वर, दोन खाली, एकमेकींच्या हातांकडे बघत. 

आमचा तंबू त्यांच्या झापाशेजारी लागला. या वेळी खुंट्या मातीत सुरेख गेल्या. इंदूवयनीने तंबूची चेन तीनदा वर-खाली करून बघितली आणि शेरा मारला, “पिशयेत झोपतंस काय गो तुमी दोगा?”

तिथला तो दिवस आणि पुढचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. आम्ही शहरात पैसे मोजून ज्याला कॅम्पिंग म्हणतो ते हे गाव पिढ्यान्‌पिढ्या करत आलंय, आणि किती सहज. सकाळी व्हाळावर अंघोळी, मग केळीच्या पानावर पेज आणि भाजलेला सुका बांगडा. एरवी दोन वाड्यांत विस्तव जात नाही म्हणे, पण इथे त्याच वाड्यांच्या चुली पाठीला पाठ लावून पेटलेल्या. कालवणाची वाटी इकडून तिकडे जायची आणि भरून परत यायची. दुपारी बायकांच्या फुगड्या, संध्याकाळी भजन. मुंबईहून रजा काढून आलेले तरुण, फोनला रेंज नाही म्हणून पहिल्या दिवशी कासावीस, दुसऱ्या दिवशी गोट्या खेळत होते. मी महेशला म्हटलं, गावात चोरी झाली तर? त्याने म्हशीपुढे पेंढा टाकला. “देव आसा मा थय,” म्हणाला. “एकटोच.”

वर सड्यावर चढून गेलं की खाली माडांमध्ये रिकामं गाव दिसायचं. एकाही घरातून धूर नाही, आवाज नाही. मी देव-देव करणारी बाई नाही, पण त्या शांततेकडे बघताना हात आपोआप जोडले गेले.

वन्सं आणि इंदूवयनी कामापुरतं बोलत होत्या. मीठ दे, लाकूड सार, तुझा चष्मा खाली पडला. मला वाटायचं, चला, एवढं तर एवढं. आणि वाटायचं, उद्या कौल झाला की गाव घरी जाणार, घराला पायरी आहे, आणि आमची गाडी आतल्या रस्त्याने पुढे जाणार. मग पुढची गावपळण कधी, आणि तोवर इंदूवयनी कुठे. सुधीरला फोन करायला सड्यावर चढले तेव्हा तोही तेच म्हणाला.

गावाच्या तीन रात्री झाल्या, आमच्या दोन. सकाळी सगळ्यांनी बोचकी बांधली, टेम्पो लागले. मानकरी देवळात गेले. उन्हं वर आली तेव्हा ते परतले आणि त्यांच्या चेहऱ्यांवरूनच कळलं.

“देवान कौल देवक नाय,” महेश बोचकं खाली टाकत म्हणाला. “आणि एक दिस.”

कुरकुर झाली. तांदूळ संपत आले होते, कुणाची परीक्षा होती, कुणाची गाडी होती. पण घराकडे एकही पाऊल वळलं नाही. बोचकी पुन्हा सुटली, चुली पुन्हा पेटल्या. या माणसांचं मला फार कौतुक वाटलं. आम्ही सिग्नलला दहा सेकंद थांबत नाही.

त्या वाढीव दुपारी व्हाळाच्या काठी दोघी जावा भांडी घासत होत्या. मी जवळच कपडे पिळत होते. वन्सं एकच टोप कितीतरी वेळ घासत होत्या.

“वयनीनू,” त्या म्हणाल्या, “एक सांगूचा रवला.”

इंदूवयनीचा हात थांबला.

“तेंनीच सांगल्यानी माका. गावाक न्हेव नको. अंगाची काटकां झालेली, तोंडात नळी. म्हणाले, वयनीन माका असो बघूक नको. तिका सांगू पण नको. माज्याकडसून शब्द घेतल्यानी.” वन्संनी राखेचा हात तसाच पदराला पुसला. “म्हणान मी गप रवलंय.”

मी पिळलेला कपडा हातात घेऊन उभी होते. आठ वर्षं ही बाई आमच्या खालच्या मजल्यावर राहते. रोजचा चहा माझ्याकडे पिते. लोकांनी तिला निर्दय म्हटलं, जावेने तोंडावर म्हटलं, सख्खा भाऊसुद्धा मनातून थोडं तसंच समजत होता, आणि मीही. हिने एक अक्षर काढलं नाही.

इंदूवयनीने पाण्यात हात बुडवून राख धुतली. “खुळो,” ती म्हणाली.

मग घासलेली वाटी पालथी घालत म्हणाली, “सात वर्साचो होतो, गोवर इलेलो. तोंडार पुटकुळये म्हणान तीन दिस गोधडीतसून भायर येय नाय. माका म्हणी, वयनी, माका बघू नको. पेजेची वाटी मी गोधडीखाली सारी.” तिच्या चांगल्या डोळ्यातून आणि न दिसणाऱ्या डोळ्यातूनही पाणी वाहत होतं. “मेलो म्हातारो झालो तरी तसोच.”

दोघी रडल्या. एकमेकींना धरून नव्हे, आपापल्या जागी बसून, भांडी समोर ठेवून. मग इंदूवयनीने नाक शिंकरलं.

“आणि तू गो? तेका शब्द दिलेलो, तर आज कित्या मोडलंस?”

“तुमी थकलात,” वन्सं म्हणाल्या. “तुमका काय झाला तर मगे ह्या मी कोणाक सांगू?”

दुसऱ्या दिवशी कौल झाला. ढोल वाजला आणि गाव उठलं. इंदूवयनीला चालवत नाही म्हणून तिला, तीन डालगी कोंबड्यांना आणि एका संतापलेल्या मांजराला आमच्या गाडीत घातलं. पुढच्या सीटवर वन्सं. ज्या वेशीतून गाडी नेणार नाही असं कबूल केलं होतं तिच्यातूनच मी ती नेली आणि वन्संनी ‘थांब’ म्हटलं नाही.

घरासमोर थांबलो. अंगणात माडाची पानं पडली होती. चिऱ्याच्या तीन पायऱ्या, वर दाराला पितळी कुलूप. इंदूवयनी उतरली, कनवटीची किल्ली काढली आणि वन्संच्या हातात ठेवली.

“माका कुलूप दिसना नाय. तू उघड.”

महेश बाजूलाच उभा होता, दोन्ही डोळे धडधाकट. पण तो अचानक कोंबड्यांमध्ये फार गुंतला. वन्सं किल्लीकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी चपला काढल्या, तीन पायऱ्या चढल्या आणि कुलूप उघडलं. आतून बंद घराचा वास आला. त्यांनी मागे वळून हात पुढे केला आणि इंदूवयनी तो धरून वर गेली.

जेवून मी निघाले तेव्हा वन्सं पदर खोचून देवखोली पुसत होत्या. “तू जा,” म्हणाल्या. “माका चार दिस रवांदे. तंबू नीट सुकव, नायतर बुरशी धरतली.”

मी एकटीच मालवणला आले. तिथे बाजारात सुरमईची थाळी खाल्ली. साधी जागा बघितलीत तर खिसा फारसा हलका होत नाही, आणि तिखलं, म्हणजे माशाचं दाट तिखट कालवण, मागून घ्या, त्यात तिरफळ असलं पाहिजे. देवबागच्या वाळूच्या पट्ट्यावर, एकीकडे खाडी, एकीकडे समुद्र, अर्धा तास बसले. जागा सुंदर आहे, पण माझं लक्ष लागेना. रेडीचा सडा राहिलाच. तुम्ही जाऊन या आणि मला कळवा.

एक विनंती. हे वाचून गावपळण बघायला म्हणून कॅमेरे घेऊन निघू नका. ती कुणासाठी भरवलेली जत्रा नाही. वाटेत भेटलीच तर गाडी थांबवा, विचारा, आणि कुणी झापाचं टोक हातात दिलं तर धरा. सड्यांवर मात्र जरूर जा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पाणी भरपूर नेऊन आणि कचरा परत आणून. या दगडावर राहून आल्यापासून मला घरातल्या भिंती जरा जास्तच जवळजवळ वाटतात. आणि गप्प बसणाऱ्या माणसांबद्दल पटकन मत बनवायचं नाही, एवढं मी ठरवलंय. ते मला जमेलच असं नाही, तोंड कोल्हापूरचं आहे.

वन्संचे चार दिवस अजून संपलेले नाहीत. परवा त्यांचा फोन आला. औषधं आणि दोन साड्या मागवल्या, मग म्हणाल्या, पौषात प्रकाशभावजींची तिथी येते, ती या वर्षी तिथेच करायची, सुधीरला घेऊन ये. इतकी वर्षं ती दोन ठिकाणी व्हायची. कुडाळला वन्सं एक पान वाढायच्या आणि गावी इंदूवयनी एक.

मी विचारलं, कुडाळला काहीच करायचं नाही का?

“नको,” वन्सं म्हणाल्या. “एकाच पानार जेवांदे तेंका आता. दोन घरां फिरान फिरान दमले आसतले.”